कॉर्नरवरची हाळी

दरवर्षी फायनलच्या आदल्या आठवड्यात खेळाचे आदिल सर शाळेच्या वार्तापत्रात सामन्याची झलक लिहीत आणि दरवर्षी त्यात एकच वाक्य असे: दोन्ही संघ तुल्यबळ असून सामना चुरशीचा होईल. बाकीचा मजकूर म्हणजे त्या वाक्याला लावलेली ठिगळं. यंदा ओमानमधल्या भारतीय शाळांच्या फुटबॉल करंडकाच्या अंतिम फेरीत आपलीच मस्कतची शाळा पोचली आणि आदिल सर टीमला पळवण्यात गुंतले. तेव्हा प्रिन्सिपल मॅडमनी ते काम ग्रंथपाल किशोरीच्या गळ्यात घातलं. लायब्ररीत बसणाऱ्या माणसाला भरपूर वेळ असतो, अशी सगळ्याच शाळांची समजूत असते.

किशोरीला फुटबॉलातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण चौकशीचं मात्र तिला व्यसन होतं. शेजारच्या घरी पाहुणे आले तर ते किती दिवस राहणार हे तिला यजमानांच्या आधी कळलेलं असे. त्यात ह्या टीमचा कॅप्टन तिचाच मुलगा, अजिंक्य. बारावीचं वर्ष. जूनमध्ये तो पुण्याला कॉलेजला जाणार, म्हणजे शाळेसाठी ही त्याची शेवटचीच मॅच.

आणि ती कोणाशी, तर पुन्हा सूर गावच्या शाळेशी. गेल्या वर्षी सेमीफायनलला सूरनं त्यांना एका गोलनं घरी पाठवलं होतं. अजिंक्यनं मैदानाच्या कोपऱ्यातून मारलेला प्रत्येक कॉर्नर सूरच्या गोलकीपरच्या हातात अलगद जाऊन बसला होता. दुसऱ्या दिवसापासून वर्गात अजिंक्यचं नाव पडलं ‘कुरिअर’. बॉल थेट घरपोच! पोरगा महिनाभर कँटीनला फिरकला नाही. किशोरी लायब्ररीच्या खिडकीतून त्याला एकट्यानं डबा खाताना बघायची आणि स्वतःचा डबा तसाच मिटून ठेवायची. ह्या वर्षी त्यानं एक गोल करवावा, बस्स, एवढंच तिला हवं होतं. करंडक मिळाला तर दुधात साखर.

झलक लिहायची म्हणून तिनं जुन्या सामन्याचं चित्रण फोनवर लावलं. एकदा बघितलं, पुन्हा बघितलं, आणि तिला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. बॉल अजिंक्यच्या पायावरून सुटायच्या आधीच तो सूरचा गोलकीपर जागा सोडून निघायचा आणि नेमका बॉल जिथे पडणार तिथे पोचायचा. गोष्ट सुरू होण्याआधीच शेवट सांगून टाकणाऱ्या माणसाचा येतो तसा तिला त्या मुलाचा राग आला. पाठोपाठ कुतूहलही वाटलं.

“आदिल सर, इसको पहले से कैसे पता चलता है?” तिनं विचारलं.

“नसीब, मॅडम,” आदिल सर म्हणाले. “बच्चे का नसीब अच्छा है.”

अजिंक्यला विचारलं तर त्यानं खांदे उडवले. “ही इज गुड, आई. दॅट्स ऑल.” आणि तो कानात इअरफोन घालून मोकळा झाला.

नशीब आणि गुड, दोन्ही उत्तरं किशोरीच्या पचनी पडली नाहीत. शुक्रवारी सुट्टी होती. तिनं नवऱ्याला सांगितलं की सूरला जायचं.

रमण कुडाळकडचा. एसी दुरुस्तीच्या कंपनीत फोरमन. आठवडाभर माबेलातलं घर ते शहर आणि शहर ते माबेला गाडी हाकून तो शिणलेला असे. “तुका फुटबॉलातला काय कळता गो? तू गोलाक रन म्हणतंस,” तो कुरकुरला. पण सूरला बोटीवरून उतरलेली ताजी मासळी मिळते, ह्याची तिनं आठवण करून दिल्यावर त्यानं निमूटपणे थर्मोकोलचा डबा डिकीत टाकला.

सूरच्या शाळेनं गोलकीपरच्या आईचा नंबर दिला होता. नाव रीटा. तिथल्या एका हॉटेलच्या रिसेप्शनला होती. फोनवर इंग्रजीत दोन वाक्यं झाली आणि तिसऱ्याला रीटा म्हणाली, “तुम्ही मराठी का हो?” माहेर वसईचं. मग काय विचारता! मुलाखत राहिली बाजूला, जेवायचंच आवतण मिळालं.

गोलकीपर वॉरन चांगला उंचापुरा निघाला. दार त्यानंच उघडलं आणि “या ना काकी, बसा, ऊन लागलं असेल,” असं घडाघडा मराठीत म्हणाला. किशोरी थक्क झाली. तिचा स्वतःचा मुलगा घरात मराठीत ‘हो’ म्हणायलाही कष्ट घ्यायचा.

सुरमईचं कालवण झालं, सोलकढीची चौकशी झाली, रीटाचा नवरा फेलिक्स ड्यूटीवर असल्याची हळहळ झाली. मग किशोरीनं विषयाला हात घातला. “मी शाळेची लायब्ररियन. मॅचबद्दल लिहितेय. मला एवढंच सांग, कॉर्नरला बॉल कुठे येणार ते तुला आधी कसं कळतं?”

वॉरन हसायला लागला. आधी आईकडे बघितलं, मग पानाकडे.

“काकी, तुमचे पोरगेच सांगतात की मला.”

“म्हणजे?”

“तुमचा कॅप्टन ओरडतो ना, ‘पुढला’, नाहीतर ‘मागला’. पुढला म्हणजे जवळच्या खांबापाशी, मागला म्हणजे लांबच्या. त्यांना वाटतं कोणाला कळत नाही.”

किशोरीच्या हातातला घास हातातच राहिला. अजिंक्य आणि त्याच्या टीममधला मराठी मित्र शॉन मैदानावर मराठीत ओरडतात हे तिला ठाऊक होतं, आणि त्याचा तिला अभिमानच होता. घरात ‘आई, व्हॉट्स फॉर डिनर’ म्हणणारा मुलगा निदान मैदानात तरी मायबोली बोलतो, म्हणून ती चारचौघींत मिरवायची. पोरांचा हिशेब सरळ होता. इंग्रजी सगळ्यांना येतं, हिंदी सगळ्यांना येतं, मल्याळम निम्म्या मैदानाला येतं, अरबी पंचांना येतं. उरली मराठी. ओमानातल्या फुटबॉलच्या मैदानावर मराठी कोणाला कळणार?

“पण हे लिहू नका हां काकी,” वॉरन घाईघाईनं म्हणाला. “लिहिलंत तर ते बंद करतील.”

“साहजिक आहे. तुझा गोल वाचतो त्यानं.”

“ते आहेच. पण...” तो कानापर्यंत लाल झाला. “इथं माझ्या वयाचं मराठी कोणी नाही. शाळेत तर नाहीच. तुमच्या टीमशी मॅच असली की ते दोघं सारखे ओरडत असतात, ‘अरे दे ना’, ‘मर, पळ की’. मला मजा येते ऐकायला. आदल्या दिवसापासून खूश असतो मी.”

रीटा मुलाकडे बघतच राहिली. तिलाही हे नवीन होतं.

इतका वेळ मान खाली घालून जेवणाऱ्या रमणला नेमका आत्ताच कंठ फुटला. “अजिंक्य म्हणजे आमचोच झील,” तो कौतुकानं म्हणाला.

वॉरनचा चेहरा उतरला. किशोरीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. आपण कोण हे आधी सांगायला हवं होतं, हे तिला आत्ता सुचत होतं. तिनं हात धुतले, त्याच्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, “मी हे लिहिणार नाही. आणि घरीही बोलणार नाही. शब्द देते.”

“अंकल?” वॉरननं विचारलं.

“मी तोंड उघडूचंय नाय,” रमण म्हणाला. आत्ताच उघडून बसला होता, हा भाग निराळा.

परतीच्या वाटेवर डिकीत बांगडे होते आणि गाडीत अबोला. वाटेतलं कुरियात गाव मागे पडल्यावर रमणचा धीर सुटला. “स्वतःच्या झिलाक सांगूचा नाय, आणि दुसऱ्याच्या झिलाक शब्द दितंस! कमाल आसा तुझी.”

“मग काय करू? त्यानं विश्वासानं सांगितलं.”

“त्येणा लायब्ररियनाक सांगितल्यान. अजिंक्याच्या आवशीक नाय.”

तेच तर तिला खात होतं. एक वाक्य, फक्त ‘ओरडू नका रे’ एवढं एक वाक्य अजिंक्यला सांगितलं, तर त्याच्या नावावरचं ते कुरिअर पुसलं जाईल. तिनं चार वेळा मनात ते वाक्य जुळवलं आणि चारही वेळा वॉरनचे लाल झालेले कान डोळ्यांपुढे आले. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

शेवटी झलक लिहून झाली. मैदान, वारा, दोन्ही संघांची कामगिरी, सगळं नीट लिहिलं. सूरच्या गोलकीपरबद्दल लिहिताना तिची लेखणी अडली ती अडलीच. ‘चपळ आहे आणि त्याचं लक्ष असतं,’ एवढंच लिहिलं. ते खोटं नव्हतं.

अजिंक्यनं तो मजकूर तिच्या लॅपटॉपवर उभ्या उभ्या वाचला. “आई, सूरला गेलीस आणि कीपरबद्दल वन लाइन?”

“मग काय लिहायला हवं होतं?”

अजिंक्यनं दार लोटलं. आवाज खाली आणला. “सांगू? प्रॉमिस, कोणाला नाही सांगायचं. आदिल सरांना पण नाही.”

किशोरीनं लॅपटॉप मिटला. अजून एक शब्द!

“ही नोज मराठी. लास्ट इयर मॅच संपता संपता शॉनचा धक्का लागून तो पडला ना, तेव्हा ‘आई गं’ म्हणाला. तेव्हाच कळलं मला, तो कसा आधी जातो ते.” पोराचे डोळे चमकत होते. “पण आम्ही बंद नाही केलं. या वर्षी सगळ्या मॅचमध्ये मुद्दाम खरं ओरडलो, त्याला डाउट यायला नको. फायनलला पण खरंच ओरडणार. आणि मग एकदाच, लास्ट मोमेंटला, ‘पुढला’ म्हणणार आणि मागे मारणार. शॉन असेल तिथे. महिनाभर प्रॅक्टिस करतोय, आई!”

किशोरी खुर्चीत मागे टेकली. गेलं वर्षभर त्याच्या ज्या गप्प राहण्याला ती रुसवा समजत होती, त्यामागे डाव होता. तिला हसू आलं, पोराच्या डोक्याचं कौतुक वाटलं, आणि त्याच क्षणी वाईटही वाटलं. तिकडे सूरमध्ये वॉरन फायनलला मराठी ऐकायला मिळणार म्हणून खूश असेल. अजिंक्यला ते सांगता येत नव्हतं आणि वॉरनला हे सांगता येत नव्हतं.

“तू कधी बोललास त्याच्याशी?” तिनं विचारलं.

“कोणाशी? कीपरशी? कशाला?”

“सहज विचारलं.”

फायनलच्या दिवशी ऊन कलतं झालं तेव्हा स्टँड भरून गेला होता. आपण काय लिहिलंय हे लोक एकमेकांना वाचून दाखवताहेत, ह्याचा आनंद एरवी किशोरीला आभाळाएवढा झाला असता. आज तिचे डोळे सूरच्या गोलपाशी होते. पहिल्या कॉर्नरला अजिंक्य ओरडला, “मागला!” बॉल मागे गेला, वॉरननं टिपला. दुसऱ्याला “पुढला!” बॉल पुढे, पुन्हा वॉरन. आपल्याच शाळेच्या पोरांनी “कुरिअर, कुरिअर” अशी आरोळी ठोकली. अजिंक्य खाली मान घालून परतला. आतून तो मजेत असणार हे तिला एकटीला ठाऊक होतं. वॉरनही खुशीत दिसत होता. एकदा तर शॉन काहीतरी ओरडला तेव्हा तो हसलासुद्धा.

मिनिटं सरत आली तरी गोल कोणाचाच नव्हता. आणि मग तो कॉर्नर आला. किशोरीनं रमणचा दंड धरला. ‘करू नको’ आणि ‘कर’, दोन्ही तिच्या ओठांवर एकदम आलं.

“पुढला!” अजिंक्यची हाळी सबंध मैदानावर घुमली.

वॉरन पुढच्या खांबाकडे झेपावला. बॉल त्याच्या डोक्यावरून वळून मागे गेला. तिथे शॉन उभा होता आणि त्यानं डोकं लावलं.

गोल! रमण बाकावर चढून नाचायला लागला. किशोरीही ओरडत होती, घसा बसेपर्यंत ओरडत होती, लाज वाटण्याइतका आनंद तिला झाला होता. सगळी शाळा आता अजिंक्यचं नाव घेत होती, त्याचं खरं नाव. मग तिचं लक्ष वॉरनकडे गेलं. तो पुढच्या खांबाला धरून बसला होता आणि जाळीतल्या बॉलकडे न बघता अजिंक्यकडे बघत होता.

करंडक दिला गेला, फोटो झाले. गळ्यात मेडल घालून अजिंक्य तिच्याकडे आला तो जरा गोंधळलेलाच.

“काय झालं रे?”

“शेकहँड करताना तो कीपर माझ्याशी मराठीत बोलला. मला वाटलं शिव्या देणार. तर म्हणाला, ‘मस्त फसवलंस.’ आणि मग म्हणाला, ‘आता कोण ओरडणार?’” अजिंक्यनं कपाळाला आठ्या घातल्या. “मीनिंग काय त्याचा? मॅच तर संपली.”

सामना संपला होता आणि वॉरननं स्वतःच अर्धं सांगून टाकलं होतं, तसा तिचा शब्दही सुटला होता. किशोरीनं त्याला सांगितलं. वॉरनला मराठी कळतं ते तुला माहीतच होतं. ते ऐकायला तो आदल्या दिवसापासून खूश असायचा, हे माहीत नव्हतं. सूरला त्याच्या वयाचं मराठी बोलणारं कोणी नाही. तुम्ही दोघंच होता.

अजिंक्य मेडलशी चाळा करत उभा राहिला. पार्किंगमध्ये सूरच्या बसचं इंजिन सुरू झालं होतं आणि पोरं बॅगा घेऊन एकेक करून चढत होती. अजिंक्यनं करंडक आईच्या हातात कोंबला. आधी चालत निघाला, मग पळत सुटला. बस अजून बरीच लांब होती. धावता धावताच त्यानं तोंडाभोवती हात धरले आणि गाड्यांच्या रांगांवरून ओरडला, “वॉरन! थांब रे! चढू नको!”

वॉरन बसच्या पायरीवर वळून उभा राहिला. ह्या खेपेला पुढे काय येणार ते त्याला ठाऊक नव्हतं.