शिंपीकाकांचा पुरावा

दुपारपर्यंत बऱ्याच जणांच्या शिव्या मी जपून ठेवल्या होत्या. माझा धंदाच तो. लोक इंटरनेटवर जे ओकतात ते कोर्टात टिकेल अशा रीतीनं उतरवून घ्यायचं: कुणी लिहिलं, कधी, कुठे. संध्याकाळी नवरा विचारतो, "आज काय केलंस?" काय सांगू, कपाळ! हल्ली मला कुणाचं बरं बोलणंसुद्धा खरं वाटत नाही.

त्यात शिंपीकाका आले, मागे त्यांची मुलगी. वकीलबाईंनी पाठवलं होतं. मुलीनं ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हापासून तो माणूस तिच्याबद्दल जगभर घाण लिहीत होता आणि तेच काकांनाही पाठवत होता. त्यानं तिच्या आसपास फिरकू नये, असा कोर्टाचा हुकूम हवा होता. सुनावणी उद्यावर आलेली.

काकांनी पिशवीतून त्या मेसेजच्या छापील कागदांचा गठ्ठा काढला. एकेक कागद इस्त्री केल्यासारखा, आणि प्रत्येकात भोकं. मुलीचं नाव आणि शिव्या त्यांनी कात्रीनं नेटकेपणानं कापून काढल्या होत्या. त्याबरोबर तारखा गेल्या, त्या माणसाचं नावही गेलं.

"चार लोकांसमोर जायचं हे," काका म्हणाले. "पोरीचं नाव त्या घाणीत कशाला?"

"आणि फोनमधले मूळ मेसेज?"

"पुसले. असलं घरात नको."

माझं डोकंच फिरलं. "काका, पुरावा आहे हा, सदऱ्याचा गळा नाही! उद्या समोरचा वकील विचारेल, कोण कुणाला बोललं? काय दाखवणार, भोकं?"

त्यांचा चेहरा एवढासा झाला. मला वाईट वाटलं, पण गोड बोलायचंही त्राण उरलं नव्हतं. त्या माणसानं तर वकीलबाईंची नोटीस मिळताच इंटरनेटवरचं आपलं सगळं लिखाण उडवलं होतं. बापानं मायेपोटी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता.

तेव्हा मुलगी पहिल्यांदा बोलली. "त्यानं मला पाठवलेलं सगळं माझ्या फोनमध्ये आहे. मी काहीच पुसलं नाही."

"अगं, मला कधी बोलली नाहीस ती?"

"तुम्हाला वाचायला लागू नये म्हणून."

मी तिला पद्धत सांगितली. फोन कॅमेऱ्याखाली ठेवायचा आणि सगळ्यात जुन्या मेसेजपासून हळूहळू सरकवत यायचं. चित्रण सुरू झालं की काहीही होवो, थांबायचं नाही. थांबलं की मधल्या वेळात काय घुसडलंत, हा प्रश्न आलाच.

"बाबा, तुम्ही बाहेर बसा."

"कशाला? मला ठाऊक आहे सगळं."

"सगळं नाही, बाबा."

ते हलले नाहीत. मी चित्रण सुरू केलं.

पहिलाच मेसेज म्हणजे एक फोटो होता. रस्त्यापलीकडून काढलेला. दुकानात शिलाई मशीनवर वाकलेले काका, एकटेच. खाली लिहिलं होतं, 'लग्नाला हो म्हण. म्हातारा रोज एकटाच दुकान बंद करतो.'

काका फोटोकडे नाही, तारखेकडे बघत राहिले.

"हे तर लग्न ठरायच्या आधीचं आहे."

"हं."

"मी विचारलं होतं तुला. तू हसून हो म्हणालीस. मी गल्लीभर सांगत सुटलो होतो, पोरीनं स्वतः पसंत केलाय म्हणून."

तिचं बोट पडद्यावर थांबलं. नियमानं मी तिला खूण करायला हवी होती, पुढे चल. माझा हात उचललाच गेला नाही. इतकी वर्षं असलं बघून मी कोडगी झालेय, असं मी सगळ्यांना सांगत असते. सपशेल खोटं. कॅमेरा चालूच होता.

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. मग खुर्ची ओढून तिच्या अगदी जवळ घेतली.

"सरकव, बाळा," ते म्हणाले. "आता मी वाचतो."