आठातल्या दोन

“आप्पा, काढायच्या तर आठीच्या आठी काढूया,” हातातला मीटर बाजूला ठेवत साईराज म्हणाला. “लिथियमचा नवा पॅक बसवतो. दोन नव्या आणि सहा जुन्या, असा मेळ बसत न्हाई.”

मच्छे गावातल्या गॅरेजात गाडीची पुढची सीट काढून भिंतीला टेकवली होती. सीटखालच्या आठ बॅटऱ्या उघड्या पडल्या होत्या. यमनाप्पा शेजारी उकिडवा बसून त्यांच्याकडे बघत होता.

“सहा चांगल्या हाईत म्हणालास न्हवं?”

“आज हाईत. चढाला लागली की जुन्या आधी बसत्यात आणि नव्यांस्नीबी खाली वढत्यात. गावात फिरवायला चालंल. पर लांब जाऊ नकासा.”

नेमकं लांबच जायचं होतं. रविवारी निपाणीला नातीचं बारसं होतं. खरं तर लेकीचं, मनिषाचं, पहिलं बाळंतपण वडगावला, माहेरीच व्हायला हवं होतं. पण त्याच्या बायकोचा, बायाक्काचा, दमा असा उसळला होता की, स्वतःला सांभाळतानाच तिची पुरेवाट. लेक सासरी बाळंत झाली आणि नवराबायकोच्या मनात तो काटा रुतून बसला. आता निदान पाळण्याच्या एका बाजूला आईच्या आईनं उभं राहावं, पलीकडच्या विहिणीच्या हातातून बाळ घ्यावं, एवढं तरी व्हायलाच हवं होतं.

बायाक्कानं उभा जन्म विणायच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरण्यात घालवला. सुताची ती धूळ तिच्या छातीत जाऊन बसली होती. बसमध्ये, रिक्षात डिझेलचा वास आला की तिचा श्वास कोंडायचा. म्हणून यमनाप्पानं टिळकवाडीच्या एका डॉक्टरांची ही जुनी विजेची गाडी घेतली. धूर नाही, गिअरची कटकट नाही. गल्लीतले लोक तिला खेळण्यातली गाडी म्हणायचे. म्हणेनात का! बायाक्का तिच्यात बसून बाजाराला जायची, देवळाला जायची, आणि काच खाली करून ओळखीच्या बायकांशी बोलायची.

जावई राजकुमारनं फोनवर सांगितलं होतं, “मामा, मी चांगली गाडी पाठवतो.” यमनाप्पा म्हणाला, “आमची हाय की.” बाळंतपण त्यांच्या दारात झालं, आता बारशालाही त्यांचीच गाडी मागवायची, हे त्याला काही केल्या गिळवेना.

आणि चांगलं काढून टाकायचं, हे तर त्याच्या हाताला ठाऊकच नव्हतं. मागावरचा उभ्या दोऱ्यांचा ताणा संपत आला की विणकर जुन्या दोऱ्यांची टोकं तोडून टाकत नाही. नव्या ताण्याचं एकेक टोक जुन्या टोकाला सांधतो, गाठी हळूच फणीतून पुढं ओढून घेतो आणि माग पुन्हा सुरू करतो. चाळीस वर्षं त्यानं हेच केलं होतं. जुन्याला नवं सांधलं की काम पुढं चालतं. इथं का चालू नये?

“दोनच बदल,” तो म्हणाला.

साईराजनं मान हलवली, पण बदलल्या. गाडी मच्छ्याहून वडगावला अशी पळत आली की, यमनाप्पाला हसूच आलं. साईराज काय म्हणाला, ते त्यानं घरी सांगितलं नाही.

रविवारी उजाडायच्या आत दोघं निघाली. बायाक्काच्या मांडीवर खणाची कुंची होती. शहापुरी साडीच्या उरल्या रेशमाची किनार लावून तिनं ती स्वतः शिवली होती, मधेमधे थांबून, दम खात.

संकेश्वरपर्यंत काही झालं नाही. तिथं भरमूच्या घरी त्यांनी गाडी चार्जिंगला लावली. भरमू पूर्वी त्याच्याच मागावर असायचा. चहा झाला, पोहे झाले, पुन्हा चहा झाला. यमनाप्पा दर थोड्या वेळानं उठून चार्जचा काटा बघून यायचा.

“अवो, बसा की. सारखं काय बघतासा?” बायाक्का म्हणाली.

“न्हाई, उगंच.”

काटा अखेर वर टेकला. यमनाप्पाचा जीव भांड्यात पडला.

पुढं उसाचे ट्रॅक्टर लागले. एकेकाला ओलांडायचं म्हणजे गाडीला जोर लावायचा, आणि जोर लावला की काटा थरथरायचा. त्यानं पंखा बंद केला. रेडिओ बंद केला. तवंदी घाटाच्या अलीकडचा चढ दिसायला लागला, तसा त्यानं वेग आणखी कमी केला. माथा गाठला की पुढं निपाणीपर्यंत उतारच. एवढा चढ तेवढा काढ गं बाई, असं तो मनातल्या मनात गाडीला विनवत होता.

“हळू का चालवायलासा?”

“चढ हाय.”

“चढ हाय, पर माणसं चालत फुडं जायल्यात.”

खरंच, रस्त्याच्या कडेनं दोघं जण त्यांना मागं टाकून गेले. काटा एकाएकी खाली कोसळला. गाडीनं एक हिसका दिला, दुसरा दिला, आणि माथा समोर दिसत असताना ती उभी राहिली. यमनाप्पानं हँडब्रेक ओढला. बंद केली, सुरू केली. पुन्हा केली. काही नाही.

ट्रक घरघरत शेजारून जात होते. काचा लावलेल्या असूनही धूर आत शिरला, आणि बायाक्का खोकायला लागली. तिनं पिशवीतला दम्याचा पंप काढून तोंडात मारला, डोळे मिटले, आणि श्वास परत येईपर्यंत कुंची मुठीत घट्ट धरून ठेवली. यमनाप्पाचा हात तिच्या पाठीवर होता.

“नवी बसवलासा न्हवं बॅटरी?” डोळे उघडून तिनं विचारलं.

“दोन बसवल्या.”

“आन् बाकीच्या?”

“चांगल्या हुत्या गं त्या. चांगलं कसं टाकायचं?”

“साईराज काय म्हणालता?”

“सगळ्या काढा म्हणालता.”

बायाक्कानं काचेतून बाहेर बघितलं. रागावली असती तर बरं झालं असतं. “तुमास्नी कुणाला सांभाळायचं हुतं?” ती हळूच म्हणाली. “मला, का त्या बॅटऱ्यांस्नी?”

त्यानं राजकुमारला फोन केला. पाहुणे दारात, भटजी आलेले. राजकुमारला निघता येईना. त्यानं चुलतभावाला, रवळूला, टेम्पो घेऊन पाठवलं. रवळू येईपर्यंत ऊन डोक्यावर आलं. टेम्पोचं दार उघडताच डिझेलचा भपकारा आला आणि बायाक्कानं तोंडाला पदर लावला.

“मावशी, तुमी आत बसा, मी लगीच सोडतो.”

“नको रं बाबा. मी हितंच बसते.”

मग दोर काढला. गाठ यमनाप्पानंच मारली, विणकराची, न निसटणारी. निपाणीच्या गल्लीत ती खेळण्यातली गाडी टेम्पोमागं ओढली जात आली, तेव्हा पोरं धावत दोन्ही बाजूंना आली आणि बायका उंबऱ्यावर आल्या. यमनाप्पाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायाक्का मात्र डोक्यावर पदर घेऊन, मांडीवर कुंची ठेवून ताठ बसली होती.

बारसं झालं होतं.

“लई थांबलो, बायाक्का,” विहीणबाई पुढं येऊन तिचा हात धरत म्हणाल्या. “वेळ टळायली, म्हणून मग शेजारच्या काकी उभ्या ऱ्हायल्या तुमच्या जागंला.”

मनिषानं आईकडं बघितलं आणि मान खाली घातली. तेच यमनाप्पाला लागलं.

“नाव काय ठेवलासा?” बायाक्कानं विचारलं.

“अदिती.”

बायाक्कानं पाळण्यात वाकून कुंची बाळाच्या डोक्यावर घातली. कुंची थोडी मोठी झाली होती. मग ती पाळण्याच्या दोरीशी बसली.

यमनाप्पा बाहेर आला. त्यानं साईराजला फोन लावला. “गाडी उद्या टेम्पोत घालून आणतो. सगळ्या काढ.”

“त्या दोन नव्याबी?”

“त्याबी.”

“चांगल्या हाईत आप्पा त्या.”

“व्हय,” यमनाप्पा म्हणाला. “तरीबी काढ.”

गाडीचा दोर अजून टेम्पोला तसाच होता. यमनाप्पा वाकून गाठ सोडवायला लागला. ओढून ओढून ती दगडासारखी घट्ट बसली होती. आतून बायाक्का गात असलेला पाळणा ऐकू येत होता, बारीक आवाजात. एका ओळीच्या मध्येच गाणं थांबलं. यमनाप्पाचे हात गाठीवरच राहिले. खोकल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. तो तसाच वाकून उभा राहिला.

आत दोरी करकरली आणि राहिलेली ओळ पुढं सुरू झाली. मग त्यानं पुन्हा गाठीत नख घातलं.