सुरू होता होता थांबतं

घरात त्याला खटपट्या म्हणत. लहानपणापासून घड्याळ, टॉर्च, आईचं शिवणयंत्र, जे हाताला लागेल ते उघडून बसायचा. चाळिशीच्या आत आजाराने आधी त्याचे हात नेले, मग पाय, मग जीभ. हात पुरते जायच्या आधी त्याने जुन्या बाजारातून सुटे भाग आणून एक कॉम्प्युटर जोडला आणि त्याला एक कॅमेरा लावला. पडद्यावरच्या अक्षरावर नजर रोखली की कॅमेरा ती टिपायचा, अक्षर उमटायचं, वाक्य पुरं झालं की यंत्र ते मोठ्याने बोलायचं. आवाज स्टेशनवर घोषणा करणाऱ्या बाईचा. खटपट्याने मुद्दाम तोच निवडला होता. "मातोश्री, कृपया लक्ष द्या. खाटेवरच्या प्रवाशाला तहान लागली आहे," असं यंत्र म्हणायचं आणि आई चमच्याने पाणी पाजता पाजता हसायची. पदराने त्याचे ओठ टिपायची आणि त्याच पदराने आपले डोळे.

डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नव्हता. आता डोळ्यांची पाळी आहे, पापण्या जड होतील, नजर ठरणार नाही. जे बोलायचं ते बोलून घ्या.

एका सकाळी बाबा कामाला निघाले तेव्हा यंत्र बोललं, "बाबा, तुमच्याशी एक बोलायचं राहिलंय. जरा लांबलचक आहे. या, मग सांगतो."

बाबा फर्निचरला पॉलिश करायचे. जन्म त्यातच गेलेला, नखांतला रंग आता नखांचाच झालेला. त्या दिवशी त्यांचं कामात लक्ष लागेना. दुपारीच घरी आले तर पोराचा डोळा लागलेला. यंत्राचा पंखा गेले काही दिवस घरघरत होता. पोराला लांबलचक बोलायचंय आणि यंत्राने मध्येच मान टाकली तर? त्यांनी यंत्र बंद केलं, डबा उघडला आणि आतली धूळ काढायला बसले.

तो उठला तेव्हा डबा लखलखत होता. बाबांनी बटण दाबलं. पंखा फिरला, पडद्यावर कंपनीची खूण आली, खाली एक गोल फिरू लागला आणि फिरता फिरता थांबला. पुढे काहीच नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

ताईला, म्हणजे थोरल्या मुलीला, बोलावणं गेलं. ती एका कचेरीत हिशेब बघायची, कॉम्प्युटर रोज हाताळायची, पण डबा कधी उघडला नव्हता. तिने आपला लॅपटॉप आणला. त्याचा उपयोग झाला नाही. कॅमेरा आणि अक्षरांचा प्रोग्राम खटपट्याने स्वतःच्या डोक्याने जुळवला होता, तो दुसऱ्या यंत्रावर उभा राहीना. दुरुस्तीच्या दुकानदाराने असल्या जोडाजोडीला हात लावायला नकार दिला. म्हणाला, ज्याने बांधलंय त्यालाच विचारा.

ज्याने बांधलं तो दोन हातांच्या अंतरावर पडला होता. त्याला सगळं ठाऊक होतं आणि सांगायचं तोंड त्या डब्यात बंद होतं.

आईने अक्षरं म्हणून पाहिली. ती एकेक अक्षर म्हणायची, हवं ते आलं की त्याने पापणी मिटायची. पण पापणीला आता वेळ लागायचा. मिटायची तोवर आई पुढच्या अक्षरावर गेलेली असायची. जमलेल्या शब्दांना शेंडा ना बुडखा. शेवटी उरलं एवढंच: हो असेल तर वर बघ, नाही असेल तर डोळे मिट.

म्हणून ताई विचारत गेली आणि खोलत गेली. मेमरीची पट्टी गेली असेल का? डोळे मिटले. तरी तिने एक काढून दुसरी लावून पाहिली. हार्ड डिस्क? मिटले. कॅमेऱ्याची वायर? मिटले. प्रत्येक प्रश्नानंतर बटण दाबायचं, गोल फिरायचा, थांबायचा. ती वैतागून म्हणाली, "एरवी माझ्या प्रत्येक गोष्टीत खोड काढायचास. आता नुसतं नाही, नाही."

त्यावर त्याने वर बघितलं. हो म्हणून. ताईला हसूही आलं आणि रडूही.

मग तो बाबांकडे बघू लागला. बाबा खाटेच्या कडेला बसलेले, खांद्यावर फडकं. त्यांना वाटलं, पोराच्या तोंडातून लाळ आली. त्यांनी हलकेच ओठ पुसले. तो बघतच राहिला. त्यांनी हनुवटी पुसली, मान पुसली. दुसऱ्या दिवशीही तेच. तो फडक्याकडे बघायचा आणि बाबा त्याचं तोंड पुसायचे. आई म्हणाली, "अहो, कातडं निघेल त्याचं." पण मागणारा मागतोय असं वाटलं की देणाऱ्याचा हात थांबत नाही.

ताईच्या एवढं लक्षात आलं होतं की सकाळी पहिल्यांदा बटण दाबलं की गोल बराच वेळ फिरतो, नंतर दर खेपेला लवकर थांबतो. बाबा म्हणाले, दमतंय बिचारं. ती डब्यात हात घालून चाचपत होती. पंख्याखालच्या धातूच्या ठोकळ्यापाशी बोट गेलं आणि तिने चटकन काढून घेतलं.

"अरे, तापल्यामुळे बंद पडतंय का हे?"

त्याने वर बघितलं. खूप वेळ वर बघत राहिला. मग नजर पुन्हा फडक्यावर आणली.

ताईने फडक्याकडे बघितलं, मग बाबांकडे. "बाबा, तुम्ही आत नक्की काय काय पुसलंत?"

बाबांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांच्या आवाजात कामाचा अभिमान होता. धूळ काढली. पंखा खालच्या ठोकळ्यासकट सोडवला. त्याच्या खाली, चौकोनी चकतीवर, राखाडी चिकट राड साचली होती. पहिल्यांदा पॉलिश पेपर घेतला होता, मग चरा पडेल म्हणून ठेवला. स्पिरिट लावून फडक्याने काढली. चकतीवरूनही आणि ठोकळ्यावरूनही. आरशासारखं केलं.

"जुना थर राहिला की नवं काही धरत नाही," ते म्हणाले. "आमच्याकडे पहिला धडाच तो."

ताईने लॅपटॉपवर शोधलं. ती राड मुद्दाम लावलेली असते. चकती म्हणजे प्रोसेसर, आणि त्याची उष्णता वरच्या ठोकळ्यात जावी म्हणून असलेला तो लेप. तिने ते वाचून दाखवलं नाही. बाबांनी तिचा चेहरा पाहिला, त्यात सगळं आलं. त्यांनी फडकं खांद्यावरून काढलं आणि कुठे ठेवावं ते न सुचून हातातच धरून बसले.

लेपाची नळी गावात मिळाली नाही, बाहेरून मागवावी लागली. ती यायची वाट बघता बघता खटपट्याला ताप आला. छाती भरली. ताप उतरला, पण जाताना उरलंसुरलं घेऊन गेला. हो म्हणताना डोळे आता वर जात नव्हते, अर्ध्यात थांबत होते.

नळी आली. लेप बाबांनीच लावला, ताईने कितीही म्हटलं तरी. हात सवयीने घासायला निघायचा, ते आवरायचे. बटण दाबलं. गोल फिरला, फिरत राहिला आणि पडदा उजळला. अक्षरं रांगेने उभी राहिली. आईने हात जोडले.

कॅमेऱ्याने खटपट्याचे डोळे शोधले. नजरेमागे फिरणारी पडद्यावरची निशाणी हलली, थरथरली आणि घरंगळत कोपऱ्यात गेली. तिथलं अक्षर उमटलं. पुन्हा तेच. स्टेशनवरची बाई म्हणू लागली, "ळ. ळ. ळ."

ताईने कॅमेरा सरकवला, उशी उचलली, खिडकीचा पडदा ओढला. बाबा त्याच्या चेहऱ्याजवळ वाकून म्हणाले, "सावकाश, बाळा. मी कुठे जात नाही. मी आलोय कामावरून." निशाणी एकदा मधे आली. पुन्हा घसरली.

शेवटी आई म्हणाली, "बंद करा ते. दमलाय तो, झोपू द्या."

"बंद केलं आणि परत सुरू झालं नाही तर?" बाबा म्हणाले.

ताईने फक्त आवाज कमी केला. आईने त्याच्या अंगावर पांघरूण घातलं, अर्धवट उघड्या राहिलेल्या पापण्या बोटाने हलकेच मिटवल्या. यंत्र न घरघरता, न तापता चालू होतं. बाबा खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. पोराच्या राहिलेल्या बोलण्यातलं पहिलं अक्षर यांतलं कोणतं असणार होतं? ते एकेका अक्षराकडे बघत राहिले.