सिस्टरचं दुसरं पत्र

“बोटं आपटू नका, टेकवा. त्यालाही जीव आहे असं समजा.”

हा आवाज मला अजून ऐकू येतो. वाचनालयातल्या ग्रंथपालबाई प्रत्येक नव्या कारकुनाला पहिल्या दिवशी हेच सांगायच्या. कारकून गालात हसायचे. मी मात्र मनातल्या मनात बाईंना हात जोडायचो. आता मला हात कुठले, असं विचाराल तर त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. कधीकाळी पांढराशुभ्र होतो, आता चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा दिसतो. एका लांबलचक कारखान्यात, सरकत्या पट्ट्यावर माझा जन्म झाला. तिथल्या एका बाईने माझं एकेक बटण तपासून बसवलं. ती काहीतरी गुणगुणत होती. ते गाणं कोणतं होतं ते मला कधीच कळलं नाही, पण माझ्या टकटकीत त्याची लय उतरली असावी, असं मला उगाचच वाटतं.

वाचनालयात माझी उमेदीची वर्षं गेली. हजारो पुस्तकांची नावं माझ्यावरून गेली, पण एकही पुस्तक मला वाचायला मिळालं नाही. “याचा आवाज कसा पावसाळी छपरासारखा आहे,” असं ग्रंथपालबाई कौतुकाने म्हणायच्या. मग त्या निवृत्त झाल्या, नवी चपटी यंत्रं आली आणि माझी वायर माझ्याभोवतीच गुंडाळून मला कपाटात ठेवलं गेलं. शेजारी एक मोडकी छत्री होती. ती कधी बोलली नाही. त्या अंधारात मला फार स्वप्नं पडत. माझी अक्षरं आपापली जागा सोडून हवेत तरंगायची, एकमेकांना शोधायची, आणि शब्द होता होता विरून जायची. किती वर्षं गेली कोण जाणे.

एके दिवशी कपाट उघडलं आणि मला एका खोक्यात भरून दान केलं. अशा रीतीने मी सिस्टरांच्या संस्थेत आलो.

संस्था म्हणजे लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्या. खालून दिवसभर वाफ वर यायची, खिडकीच्या काचा धुक्यासारख्या व्हायच्या आणि सगळ्या खोलीला गरम इस्त्रीचा वास यायचा. एकट्या राहणाऱ्या वृद्धांकडे आठवड्यातून एकदा कुणीतरी जायचं, वर्तमानपत्र वाचून दाखवायचं, नखं कापून द्यायची, दवाखान्यात सोबत करायची, एवढंच संस्थेचं काम. अशी चाळीस माणसं होती. सिस्टर म्हणजे तीस वर्षं वॉर्डात काढलेल्या निवृत्त परिचारिका. पत्रं पोचवायला एक निवृत्त पोस्टमन होते, त्यांना सगळे पोस्टमनकाकाच म्हणत. आणि सुट्टीच्या दिवशी सिस्टरांची सून यायची. ती छापखान्यात मुद्रितं तपासायची.

सिस्टरांचा रोजचा नेम होता. आल्या की मऊ फडक्याने मला पुसायच्या, मग दोन क्षण डोळे मिटून बसायच्या. त्या क्षणात खोलीतली वाफसुद्धा थांबल्यासारखी वाटायची. काय म्हणायच्या, ते त्यांच्या ओठांनाच माहीत.

त्यांचा आणखी एक नियम होता, आणि तो फार कडक होता. ज्या घरात जायचं, त्या घरात पाहिलेलं तिथेच ठेवून यायचं. कुणाच्या दुखण्याची, कुणाच्या रिकाम्या डब्याची गोष्ट या दोन खोल्यांत बोलायची नाही. मला हा नियम फार आवडायचा. पण मित्रांनो, याच चांगल्या नियमातून एक मोठी चूक घडली.

त्याचं असं झालं, सुनेने संगणकावर एआय मदतनीस आणला. सांगाल ते पत्र क्षणात लिहून देणारा. थंडी तोंडावर होती, चाळीस पत्रं पाठवायची होती. सिस्टरांनी दोन बोटांनी माझ्यावर एकच ओळ लिहिली: ‘आमच्या वृद्ध माणसांना थंडीत काळजी घ्या असं छान, प्रेमळ पत्र लिही.’ बस्स. कुणाच्या घरचं बाहेर सांगायचं नाही, म्हणून त्यांनी त्यालाही काही सांगितलं नाही. ही माणसं एकटी राहतात, एवढंसुद्धा नाही.

बिचाऱ्याने मग मनानेच एक घर रंगवलं. पत्र मोठं गोड झालं. ‘संध्याकाळी जोडीदारासोबत खिडकीशी बसा, गरम चहा घ्या, जुन्या आठवणी काढा. नातवंडांना कुशीत घ्या.’ वाचताना सिस्टरांचे डोळे पाणावले. चाळीस प्रती निघाल्या, चाळीस सह्या झाल्या, आणि पोस्टमनकाका पिशवी घेऊन निघाले.

दुसऱ्या दिवशी काका परत आले ते पिशवी खुर्चीवर टाकतच.

“सिस्टर, पलीकडच्या गल्लीतल्या आजी विचारतायत, जोडीदार पार्सलने पाठवणार की माझ्याबरोबर?”

“म्हणजे?”

“म्हणजे काय? पत्रात लिहिलंय तुम्ही. त्यांनी तर दोन कप काढून ठेवलेत. म्हणाल्या, जरा उंच बघा, आधीचा बुटका होता.”

सिस्टरांनी पत्र पुन्हा वाचलं. या वेळी त्या शब्द वाचत नव्हत्या, एकेका घरात बसून ऐकत होत्या. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

“आजी हसल्या हो,” काकांचा आवाज खाली आला. “शिंपीदादा नाही हसले.”

त्यांनी खिशातून तेच पत्र काढलं. मागच्या कोऱ्या बाजूला शिंप्याच्या खडूने, मोठ्या वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘ती गेली तेव्हा तुम्ही इथेच होतात. आता कुणाला पाठवू नका. गुरुवारी मी येत नाही.’

शिंपीदादा सत्तरी ओलांडलेले, नुकतेच एकटे पडलेले. बायकोच्या शेवटच्या आजारपणापासून सिस्टर त्यांच्याकडे जात होत्या. त्यांचा एक डोळा तरुणपणीच कात्रीच्या टोकाने गेला होता. दुसऱ्यात मोतीबिंदू पिकला होता. सिस्टरांनी चार महिने मनधरणी करून त्यांना शस्त्रक्रियेला तयार केलं होतं, आणि ती या गुरुवारी होती. ही तारीख हुकली तर पुढची कितीतरी महिन्यांनी, आणि आणखी उशीर करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दादांना दिसायचं बंद झालं, तर त्या घरात त्यांना हात धरायलासुद्धा कुणी नव्हतं.

सिस्टर तशाच उठून त्यांच्याकडे गेल्या. तासाभराने परतल्या. दार उघडलं नव्हतं. आतून एवढंच आलं होतं, “पत्र मिळालं तुमचं.” फोन तर दादा उचलतच नव्हते.

“आता पुन्हा पत्रच,” त्या म्हणाल्या. “भिंग लावून वाचतात ते. दाराखालून सरकवलं तर वाचतील.”

सून शेजारी येऊन बसली. “आई, रागावू नका, पण तुम्ही त्याला काय सांगितलं होतंत?”

“सांगितलं ना, छान पत्र लिही म्हणून.”

“वॉर्डात ड्युटी बदलताना नव्या नर्सला तुम्ही काय सांगायचात? ‘जा बाई, छान सेवा कर’?”

“काहीतरीच काय! खाट कुठली, माणूस कसा, काल काय झालं, काय चालतं, कशाला हात लावायचा नाही, सगळं सांगून मगच मी एप्रन काढायचे.”

“मग हासुद्धा आजच ड्युटीवर आलाय.”

सिस्टर हळूच म्हणाल्या, “पण घरातलं बाहेर कसं सांगू?”

“नाव नका सांगू, पत्ता नका सांगू. त्याचं काम होईल एवढंच सांगा. वॉर्डातसुद्धा तुम्ही सगळं थोडंच सांगायचात?”

“यंत्राने लिहिलं होतं, तुमची चूक नाही, असं कळवून टाका की,” काका मधेच म्हणाले.

“सही यंत्राची होती का, काका?”

काकांनी पिशवीची घडी घालायला घेतली.

मग सिस्टरांनी मला पुसलं, दोन क्षण डोळे मिटले, आणि लिहायला लागल्या. मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्यावर अशी बोटं कधी फिरली नव्हती. दुपारचं ऊन धुरकट काचेतून आत झिरपत होतं, आणि माझ्या झिजलेल्या बटणांवरून एक माणूस हळूहळू उभा राहत होता. ‘हे पत्र एका वृद्ध माणसासाठी आहे. तो एकटा राहतो. तीन महिन्यांपूर्वी त्याची पत्नी गेली. आमच्या चुकीच्या पत्राने तो दुखावला आहे, दार उघडत नाही. तो सडेतोड आहे, गोड बोलणं त्याला खपत नाही. त्याला कमी दिसतं, म्हणून आठ ओळींहून जास्त नको आणि वाक्यं लहान हवीत. आधी सरळ माफी हवी, सबब नको. गुरुवारी त्याच्या डोळ्याची शस्त्रक्रिया आहे, आम्ही न्यायला येऊ, याची आठवण कर, पण भीती घालू नकोस. पत्नीबद्दल तुझ्या मनाने काहीही लिहू नकोस. जे माहीत नाही ते रचू नकोस, मला विचार.’

मधेच त्यांनी आणखी एक ओळ लिहिली. शेवटच्या दिवशी दादांची पत्नी सिस्टरांना काय म्हणाली होती, त्याची. मग थबकल्या, आणि एकेक अक्षर मागे घेत ती ओळ पूर्ण खोडली. माझं खोडायचं बटण सगळ्यांत गुळगुळीत का आहे, हे आता तुम्हाला कळलं असेल. लोक जे लिहितात ते सगळ्यांना दिसतं. जे लिहून पुसतात, ते फक्त मला ठाऊक असतं. ती ओळ मी तुम्हालाही सांगणार नाही.

मदतनिसाने पत्र लिहिलं. पहिल्यापेक्षा कितीतरी बरं होतं. पण शेवटी होतं, ‘आम्ही सदैव तुमच्यासोबत आहोत.’

“सदैव?” सिस्टरांनी मान हलवली. “आठवड्यातून एकदा जातो आपण. हे खोटं आहे.” आणि लिहिलं, ‘पाळता येणार नाही असं वचन नको.’

त्यावर त्याने दोन प्रश्न विचारले. गुरुवारी नेमकं कोण जाणार? आणि त्यांनी दार उघडलं नाही, तर काय?

खाली लाँड्रीतलं यंत्र घरघरत होतं. सिस्टरांची बोटं माझ्यावर नुसती टेकून राहिली, कितीतरी वेळ. त्यांच्या बोटांची ऊब मला आठवते. मग त्यांनी लिहिलं, ‘मी जाईन. नाही उघडलं तर पायरीवर बसेन.’

अखेर पत्र तयार झालं. सुनेने ते दोनदा तपासलं. सिस्टरांनी मोठ्याने वाचून पाहिलं, एक शब्द बदलला, पहिली ओळ आणि वेळा स्वतः घातल्या, आणि मोठ्या अक्षरांत स्वतःच्या हाताने उतरवून काढलं.

‘त्या दिवशी मी तुमच्या घरी होते.
तरी माझ्या सहीने असं पत्र आलं.
मी तुमचा विचार न करता सही केली.
चूक माझी आहे. मला माफ करा.
गुरुवारी तुमच्या डोळ्याची तारीख आहे.
सकाळी आठ वाजता मी दाराशी येईन.
दार उघडलं नाहीत, तर पायरीवर बसेन.
दहापर्यंत निघालो तरी वेळेत पोचू.’

काकांनी ते दाराखालून सरकवलं. आतून कागद ओढल्याचा आवाज आला, म्हणाले. बाकी काही नाही. मंगळवार गेला, बुधवार गेला. उत्तर आलं नाही.

मित्रांनो, मी एक साधा कीबोर्ड. मला विचार करता येत नाही, असं म्हणतात. पण इतकी बोटं अंगावर घेतल्यावर एक मागणं मागावंसं वाटतं. मला पुसा, माझ्यावर चहा सांडू नका, हे तर आहेच. त्याहून मोठं मागणं असं की, कुणाच्या भल्यासाठी एखाद्या यंत्राला काही लिहायला सांगाल, तेव्हा ते वाचणाऱ्या माणसाला आधी आपल्या मनात बसवा. त्याचं झाकायचं ते झाका, पण त्याचं दुःख काय आणि आपल्याला नेमकं काय करायचं आहे, हे नीट सांगा. आलेलं पत्र त्याच्या खुर्चीत बसून वाचा. सही करताना हात जरा थांबू द्या. यंत्र तुमच्या शब्दांना शब्द जोडून देईल. चालत जायचं काम मात्र त्याला जमत नाही.

गुरुवारी सिस्टर लवकर आल्या. सात वाजले होते. खाली लाँड्री अजून उघडली नव्हती, काचा स्वच्छ होत्या. त्यांनी दवाखान्याचे कागद पिशवीत घातले, पाण्याची बाटली घातली, विणकाम घातलं, आणि घडी घातलेली एक सतरंजी काखेत घेतली.

काका जिन्यातून धापा टाकत वर आले. “थांबा, मीपण येतो. उघडलं नाही तर दोघं मिळून हाका मारू.”

“नको, काका. हाक मारायची नाहीये. येईन आणि बसेन, एवढंच कळवलंय मी.”

“आणि दहा वाजून गेले तर?”

सिस्टरांनी पिशवी खांद्यावर नीट केली, आणि दार आवाज न करता ओढून घेतलं. जिन्यावर त्यांची पावलं खाली खाली जात राहिली, सावकाश, एकेक पायरी.