गिरधरआबांच्या फेट्याचा रंग

शालिग्रामभाऊंनी सलाईनची नळी चिमटीत धरली आणि आत अडकलेला हवेचा बुडबुडा हळूहळू वर सरकवला. टेबलावर शाईच्या चार बाटल्या उभ्या होत्या आणि प्रत्येकीतून निघालेली नळी प्रिंटरच्या पोटात शिरत होती. ही जोडणी गल्लीतल्या कय्युमची. सुटी शाई बाटलीने मिळत असताना कंपनीच्या चिमुकल्या डब्या कशाला घ्यायच्या, हा त्याचा सवाल बिनतोड होता.

बुडबुडा सुटला. फोटो सरकत बाहेर आला. भाऊंनी तो खिडकीशी नेऊन पाहिला.

“पुन्हा पिवळा. कागदच पिवळट देतात मेले.”

“मला तर पांढरा दिसतोय,” सुनंदाबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या.

“तुला काय कळतंय त्यातलं!”

उभा जन्म धुळ्यात स्टुडिओ चालवलेल्या माणसाला बायकोने रंग शिकवावा, हे भाऊंच्या पचनी पडण्यासारखं नव्हतं. स्टुडिओ बंद झाल्यावर मुलाने घरी कॉम्प्युटर आणून दिला होता आणि भाऊ त्यावर लोकांचे जुने, विटलेले फोटो नव्याने छापून देत. हा फोटो धरणगावच्या लताबाईंच्या नवऱ्याचा. लेकीच्या लग्नात काढलेला, हयात नसलेल्या गिरधरआबांचा एकुलता एक रंगीत फोटो. पेटीत पडून पडून तो लालेलाल झाला होता. चेहरा, फेटा, मांडव, काही वेगळं ओळखू येत नव्हतं.

भाऊंनी पडद्यावर निळा आणखी वाढवला. आता कुठे आबा जिवंत वाटले. एक प्रत त्यांनी पाकिटात घातली आणि दुसरी नेहमीसारखी आपल्या ट्रंकेत ठेवली.

“धरणगावला बहिणीकडे जाशील तेव्हा लताबाईंना पोचतं कर.”

“बरं,” सुनंदाबाई म्हणाल्या.

त्यानंतर सुनंदाबाई दोन-तीनदा बहिणीकडे जाऊन आल्या. पुढे दोनेक महिन्यांनी भाऊंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटली तेव्हा त्यांना पहिल्यांदा दिसली ती पलंगावरची चादर, आणि ती पांढरी होती. इतकं पांढरं त्यांनी कधी पाहिलं होतं, तेच आठवेना. उजवा डोळा झाकून डाव्याने पाहिलं, तर तीच चादर चहात बुचकळून काढल्यासारखी. खिडकीबाहेर आकाश होतं. ते निळं असतं हे भाऊंना ठाऊक होतं, पण एवढं? डॉक्टरांनी डोळ्याला पाणी लागू देऊ नका म्हणून बजावलं होतं आणि इथे तो आतूनच भरून येत होता. घरी येताना वाटभर भाऊंचं एकच चाललं होतं, हा डोळा झाक, तो उघड. म्हातारा आपल्याला डोळा मारतोय की काय, असं रिक्षावाल्याला वाटलं असणार.

घरी येताच त्यांनी ट्रंक उघडली. सगळ्यात वर गिरधरआबा होते. थंडीत काकडल्यासारखे निळे, आणि डोक्याला जांभळा फेटा. खालचा फोटो निळा. त्याखालचाही. भाऊंनी उजवा डोळा झाकून डाव्याने पाहिलं, तर आबा पुन्हा पहिल्यासारखे ठीक.

“कागद पिवळा नव्हता.”

सुनंदाबाईंनी ट्रंकेचं झाकण लावलं.

“आपण धरणगावला जायचं. पाया पडून फोटो परत मागीन.”

“एवढ्यात एसटीचे धक्के नकोत. नंतर बघू.”

“सुनंदा, त्या बाईच्या भिंतीवर मी तिचा नवरा गारठवून ठेवलाय!”

डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नाही म्हणताच दोघं निघाली. वाटेत भाऊंनी माफीची वाक्यं मनात दहादा जुळवली.

लताबाईंच्या ओसरीत पाऊल टाकलं आणि ती सगळी वाक्यं विरून गेली. समोर भिंतीवर आबा हसत होते. उन्हात रापलेला गव्हाळ चेहरा, मागे हिरवी आंब्याची डहाळी आणि डोक्याला फेटा, कच्च्या टरबुजाच्या गरासारखा फिकट गुलाबी. भाऊंनी काळा चष्मा काढला. डावा डोळा झाकला. रंग हलला नाही. हा फोटो आपल्या हातून निघालेला नाही, हे त्यांना त्या नव्या डोळ्याने लख्ख दिसलं. आपल्या निळ्या फोटोंबद्दल लोकांनी आजवर तोंडावर का काही म्हटलं नाही, तेही त्याच क्षणी कळलं. ते फोटो त्यांच्या हाती पोचलेच नव्हते.

लताबाई चहा घेऊन आल्या.

“फोटो तं बठ्ठा लाल व्हई गयथा, भाऊ. मी आशाच सोडेल व्हती. पन तुम्हीन अक्काले धाडं, म्हनून जमनं.”

“सुनंदाला? कुठे धाडलं?”

“आठेच की, मना घर! दोन-तीन येळा येई गयात त्या. पेटीमाईन फेटा काढाले लावा, अंगनमा उनमा ठेवा, नि रंगेल कागदना तुकडा लाई लाई दखं. माले म्हनेत, भाऊले रंग पक्का पाहिजे.”

“हो, यांनीच पाठवलं होतं मला,” सुनंदाबाई घाईघाईने म्हणाल्या.

बहिणीच्या नावाखाली मारलेल्या त्या खेपा भाऊंना आठवल्या. आपण पांझरा नदीकाठी फिरायला गेल्यावर घरात प्रिंटर कोण चालवत असेल, तेही उमगलं. बायको आपल्याकडे बघत नव्हती. आपण नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी भागलं असतं.

“मी नही धाडं, लताबाई,” भाऊ म्हणाले. “माले मालूमबी नव्हतं. हाऊ फोटो तिना शे. मना नही.”

“तुम्हीनबी काय थट्टा करतस, भाऊ!” लताबाई हसल्या.

“थट्टा नही. मना हातना आबा निळा व्हतात.”

लताबाईंचं हसू थांबलं. त्यांनी भाऊंकडे पाहिलं, मग सुनंदाबाईंकडे.

“अक्का, मनी लेक असाच एक फोटो मांगस. काढी देशात का?”

सुनंदाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. भाऊ बाजूला सरकले आणि त्यांना भिंतीपुढे जागा करून दिली. सुनंदाबाई उठून फोटोच्या अगदी जवळ गेल्या.

“देईन,” त्या म्हणाल्या. “पण बाटली बदललीय, नव्या शाईतला लाल वेगळा आहे. तो फेटा काढा बघू, उन्हात धरते.”