चार बोटं कललेलं घर

पडदेवालीच्या हातात शेवटचं चित्र होतं आणि नवऱ्याच्या हातात सपाटी तपासायची पाणसळ. काचेच्या नळीतला तो बुडबुडा सकाळपासून तिच्या डोक्यात जात होता.

घर देखणं होतं. गावाबाहेर, बैठं, दगडी भिंतींचं. पण फार पूर्वी एक भिंत खचली आणि छताची तुळई, खिडकीची चौकट, फळ्यांची जमीन, सगळं एका बाजूला चार बोटं कललं. तसं भक्कम, पण वाकडं. "अगदी तुमच्या ताईंसारखं," असं त्यांच्यासाठी हे घर घेतानाच ती नवऱ्याला म्हणाली होती.

ताई म्हणजे तिची थोरली नणंद. तीस वर्षं मुलींच्या वसतिगृहात रेक्टर. सगळा जन्म दुसऱ्यांच्या खोल्यांत गेला. निवृत्त झाल्यावर तीन महिने भावाकडे राहिल्या, पण बॅग रिकामी केली नाही. रोज तिच्यातूनच कपडे काढायच्या. या घराचं ऐकल्यावर म्हणाल्या, "बघते. नाही पटलं तर पाचच्या बसनं मैत्रिणीकडे जाते. कायमची."

पडदेवालीला पहिलं शिलाई मशीन याच नणंदेनं घेऊन दिलं होतं. वर टोमणाही मारला होता, "आता निदान टाके तरी सरळ घाल." या बाईला एकदा स्वतःच्या खुर्चीत ऐसपैस बसलेली बघायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

"अगं, पाचही चित्रं वाकडी लावलीस," नवरा म्हणाला. सुतारकामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"तुळईच्या कलानं लावलीत. पडद्यांची शिवणही जमिनीच्या कलानंच घातलीय."

त्यानं एका चित्राच्या चौकटीवर पाणसळ ठेवली. बुडबुडा टोकाला पळाला. "हा काय खोटं बोलतो?"

"खरं बोलतो हो. पण तो इथं राहायला येणार नाहीये. कपांची फळी तुमच्या पाणसळीनं लावा, कप घरंगळायला नकोत. डोळ्यांनी बघायचं ते माझ्याकडे."

तिनं खिडकीजवळच्या हिरव्या खुर्चीत बसून पाहिलं. दिवा डाव्या हाताला, चष्म्यापुरतं स्टूल उजव्या. गिऱ्हाइकांच्या उरलेल्या कापडांच्या उशा. मोहरीरंगी पडद्यांतून ऊन आत मुरत होतं. जमलं होतं. पदराला हात पुसून ती स्टँडवर निघाली.

नणंदेला घेऊन परतली तर नवरा दारात शीळ घालत उभा. तो शीळ घालतो तेव्हा काहीतरी करून बसलेला असतो. तिनं भिंतीकडे पाहिलं. मधलं चित्र पाणसळीनं सरळ केलेलं होतं. पण आता उशीर झाला होता, ताई आत आल्या होत्या.

बॅग हातातच ठेवून त्यांनी खोलीभर नजर फिरवली, तपासणीला आल्यासारखी. चित्रांपाशी थांबल्या. निरोपाच्या दिवशी वसतिगृहातल्या मुलींनी काढून दिलेली ती.

"ही मी रद्दीत टाकायला दिली होती ना?"

"रद्दीवाल्यानं घेतली नाहीत, वन्सं."

ताईंचे ओठ हलले, पण हसू बाहेर पडलं नाही. मग कपाळाला आठी पडली. "मधलं वाकडं आहे."

नवरा उसळला. "ताई, या घरात तेवढं एकच सरळ—"

"बोला ना, बोला," पडदेवाली गोड आवाजात म्हणाली.

ताईंनी बॅग खाली ठेवली. पुढं होऊन एका बोटानं चौकट ढकलली, मागं सरून पाहिलं, पुन्हा जराशी ढकलली. आता पाचही तुळईच्या ओळीत. "एवढं दिसत नाही? आणि म्हणे सुतारकाम करतोस."

मग त्या हिरव्या खुर्चीत बसल्या, पाय लांब केले आणि दिवा लावून बघितला, भर दुपारी.

"खुर्ची वीतभर खिडकीकडे सरकव. आणि माझे कपडे ठेवायचे कुठं?"

पडदेवालीनं कपाट उघडून दाखवलं. नवरा पाणसळ खिशात कोंबत होता. ती तिनं काढून घेतली आणि कपांच्या फळीवर ठेवली. बुडबुडा बरोब्बर मधोमध थांबला.

"ही मात्र छान झाली हं तुमची," ती म्हणाली.