वीस मिनिटं नळाखाली

सासूबाईंच्या औषधाला नाही म्हणायची घरात कुणाची बिशाद नव्हती. घसा दुखला की मिठाच्या गुळण्या. त्या खऱ्या, डॉक्टरही तेच सांगतात. पण म्हणून बाईंचं सगळंच खरं थोडंच असतं? भाजलं की टूथपेस्ट, हे त्यांचं ब्रह्मवाक्य. त्यांची आजी लोणी लावायची, आई पेस्ट लावायला लागली. अक्कल तीच, डबा बदलला.

त्या दिवशी त्या गिऱ्हाइकाचा कोट इस्त्री करत होत्या. उभी ठेवलेली इस्त्री कलंडून थेट कोटावर पडायला लागली. दुसरं कुणी मागे सरलं असतं. शिवणकामात जन्म गेलेली बाई, कापड वाचवायला तळहात पुढे केला! तोही उजवा, सुई धरणारा.

किंकाळी ऐकून मुलगा ट्यूब आणायला पळाला. सून नुकतीच बिस्किटांच्या कारखान्यातून आली होती, पायात अजून बूट होते. तिनं सासूबाईंना मनगट धरून नळापाशी ओढलं, बोट सुजायच्या आत अंगठी काढली आणि पाणी सोडलं.

"वीस मिनिटं. मग दवाखाना."

"वेड लागलंय का तुला? पाण्यानं फोड येतात! सोड माझा हात!"

"नाही सोडणार."

नऊ वर्षांत हा शब्द तिनं या घरात उच्चारला नव्हता. नवरा ट्यूबचं झाकण उघडून दारातच थबकला.

"अगं, आई म्हणतेय तर लाव ना!"

"जवळ आणलीस तर तुझ्याच तोंडाला फासीन."

"चार पिढ्यांचं औषध आहे," सासूबाई कळवळत ओरडल्या. "तुझा कारखाना मला शिकवणार?"

"हो, शिकवणार! तिथे भट्टीपाशी कुणी भाजलं की फोरमन आधी नळाखाली धरतो, मग बोलतो." तिनं दातांनी आपली बाही वर ओढली. मनगटापासून कोपरापर्यंत व्रण होता. "हे इथंच भाजलं होतं. तुम्ही पेस्ट थापलीत. दवाखान्यात ती वाळलेली पेस्ट खरवडून काढली, आई. मी मूग गिळून बसले, कारण तुम्ही मायेनं लावली होती. पण मायेनं लावली म्हणून पेस्टचं औषध होत नाही!"

तिला रडू येत होतं, रागाचंच.

सासूबाई व्रणाकडे बघत राहिल्या. माझ्या पेस्टमुळे एवढ्यावर निभावलं, असं त्या सहा वर्षं शेजारणींना सांगत आल्या होत्या. तळहाताची आग मात्र उतरायला लागली होती, आणि कबूल करणं जिवावर येत होतं.

"कधी बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर ऐकलं असतं तुम्ही?"

बारा मिनिटं झाली तरी सासूबाईंनी हात धारेखालून काढला नाही.

"झालं की आता, आई," म्हणत मुलगा नळ बंद करायला वाकला.

"हात लावून तर बघ!" सासूबाई त्याच्यावर कडाडल्या. "घड्याळ बघ, अजून आठ मिनिटं आहेत. आणि ती ट्यूब ने, दात घास!"

सुनेचा हात भरून आला होता. पकड जराशी सैल झाली.

"सोडू नकोस," सासूबाई म्हणाल्या.